काळजातली कणगी

पहिला चहा गॅसवर होता आणि सुंदरराव ओट्याशेजारी खुर्ची ओढून, बोट पुढे करून बसले होते. वनमालानं सासऱ्यांच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. आबा रोज या वेळी साखर मोजायच्या त्या मशीनकडे असे बघत, की जणू ग्रामपंचायतीची मतमोजणी चालू आहे आणि उमेदवार तेच आहेत.

"किती?"

"एकशे अडतीस."

"कालच्यापेक्षा कमी! मग आज शिरा व्हायला हरकत नाही."

"आकडा उतरला की शिरा, आणि चढला की डॉक्टर बिनकामाचा. तुमचं बरं आहे, आबा."

एवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली. हळूच वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दूधवाला असता तर गल्ली जागी होईल अशी हाक आली असती. वनमालानं गॅस बारीक केला आणि दार उघडलं.

दारात दगडाबाई उभी होती. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पण मागे शेळ्या नव्हत्या. अख्ख्या नांदूरघाटात दगडाबाईला शेळ्यांशिवाय पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. वनमालाला आधी तेच खटकलं.

"मावशी, शेळ्या कुठं?"

"सूनबाई सोडील आज. वयनी, एक काम होतं तुमच्याकडं." दगडाबाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आज रातच्याला मला तुमच्या घरात कोंडून ठेवता का?"

वनमालाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"कोंडून?"

"व्हय. सैपाकघराला कुलूप घाला, मला तुमच्या नजरेखाली झोपवा. आन् सकाळी तुमच्या सासऱ्यांच्या, आण्णांच्या, त्या मशीनीवर माजं बी रगत बगा. मी रातचा उठून गूळ खाते का न्हाई, ते मंग सगळ्यांना कळंल."

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. पन्नास वर्षं उन्हातान्हात फिरलेली ती काटक बाई रडत नव्हती, पण नाक ओढण्याचा आवाज आला.

दगडाबाई लग्न होऊन या गावात आली ती मेंढ्यांच्या मागं चालतच. नवरा आश्रुबा मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरायचा, आणि ही लहानग्याला पाठीशी बांधून, घोड्यावर भांडीकुंडी लादून त्याच्या संगं. पेरणीआधी शेतकरी आपापल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायचे, खत व्हावं म्हणून. रात्रीच्या वेळी परक्या माणसाला रानात ठेवायचं म्हटलं की कुणीही चार वेळा विचार करतो. आश्रुबा-दगडाबाई असली की कुणी करायचं नाही. सुंदररावांच्या माळावरच्या रानात ती दोघं यायची, तेव्हा खळ्यावर ज्वारीची रास उघडी पडलेली असायची आणि सुंदरराव घरी येऊन निवांत झोपायचे. "आश्रुबा हाय तिथं," एवढंच सांगायचे. या जोडप्यानं आयुष्यात काही कमावलं असेल तर ते एवढंच होतं.

आश्रुबा गेला, मेंढ्या विकल्या. दगडाबाईनं शेळ्या ठेवल्या. मुलगा भागवत पिकअप चालवतो, भाजीपाला केजच्या बाजारात पोचवतो. सून उज्ज्वला घर सांभाळते, आणि तोंडानं फटकळ असली तरी सासूचं पाणी तापवायला कधी विसरत नाही.

मागच्या उन्हाळ्यात दगडाबाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम काही भरेना. दवाखान्यात रक्त तपासलं आणि साखर निघाली. भागवतच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याच्या मामाचा पाय याच दुखण्यानं गुडघ्यापासून काढावा लागला होता, आणि तो पाय काढताना दवाखान्याच्या दाराशी भागवतच बसलेला होता. त्यानं त्याच दिवशी घरातली साखर शेजारी देऊन टाकली. दगडाबाईच्या गोळ्या सुरू झाल्या, जखम भरली. पण सकाळी उपाशीपोटी तपासलं की साखर चढलेलीच.

आणि तिथंच सगळं फिसकटलं.

"उज्ज्वला काय म्हनली," दगडाबाई आता आत येऊन चहाचा कप हातात घेऊन सांगत होती, "'आत्या, रातभर काय खाल्लं न्हाई म्हनता, मंग सकाळी साखर आली कुठून? आभाळातून पडली?' मी काय बोलू? मला तरी कुठं ठाव, कुठून आली! त्यात तेलगावच्या लेकीनं गुळाची ढेप धाडलेली. तिचा कोपरा फुटलेला दिसला."

"कोणी फोडला?"

"मीच."

खुर्चीतले आबा पुढं सरकले.

"पर शेळीसाठी!" दगडाबाईचा आवाज चढला. "काबरी गाभन हाय, पोटात दोन पिल्लं. आठ दिस झालं चारा टाकून कोपऱ्यात बसती. आसल्या शेळीला गुळाचं पानी पाजलं की उठती. माजी सासू पाजायची, मी बी पाजते. ते सांगितलं तर भागवत म्हनतो कसा, 'माय, निदान शेळीवर तरी नको ढकलू.' दुसऱ्या दिशी कुलूप घेऊन आला. गुळाच्या डब्याला कुलूप, वयनी! घरात पैसं ठेवत्यात त्या पेटीला न्हाई, आन् गुळाला."

"त्याला काळजी वाटते तुमची."

"ती तर हायच की. पर मी चोर हाय का?"

वनमालाच्या मनात मात्र एक शंका होतीच. म्हातारं माणूस, गोड तोंडाला लागलेलं. मध्यरात्री एखादा खडा तोंडात टाकला तर त्यात आश्चर्य कसलं? आबांच्या उशीखाली तिला साखरफुटाणे सापडले होते. पण ती एवढंच म्हणाली, "या संध्याकाळी. इथंच जेवायचं, इथंच झोपायचं."

दिवे लागायच्या वेळी दगडाबाई आली ती हातपाय धुऊन, केसांना पाणी लावून, परीक्षेला बसल्यासारखी. वनमालानं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर वरण. दगडाबाईनं ताट हातानं मागं सारलं.

"मी रातचं जेवत न्हाई."

"कधीपासून?"

"कुलूप लागल्यापासून. खाल्लंच न्हाई तर साखर येतीच कशी, तेच बगते. पर मेली येतीच!"

"आणि गोळ्या?"

"त्या घेते की दोन्ही टायमाला. भागवत समोर उभा राहून देतो. जेवले म्हनून सांगते, भाकर कुत्र्याला टाकते."

वनमालानं हातातला डाव खाली ठेवला. आबांच्या डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की गोळी घेतली आणि जेवण चुकलं तर साखर एकदम खाली जाते. माणूस बसल्या जागी कोसळतो.

"मावशी, मधे कधी चक्कर आली? हात थरथरले?"

दगडाबाईनं इकडंतिकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "परवा माळावर. एवढी थंडी, आन् मला दरदरून घाम. डोळ्यापुढं अंधारी. शेळ्या दोनाच्या चार दिसाया लागल्या. बोरीखाली बसले, खाली पडलेली मूठभर बोरं खाल्ली, तवा जरा जिवात जीव आला." पदरानं तोंड पुसून तिनं पुढचं सांगितलं. "बोरं गोड असत्यात न्हवं, म्हनून कुनाला बोलले न्हाई."

वनमाला तिच्याजवळ पाटावर बसली. एकटी बाई माळावर पडली असती, तर शेळ्या तेवढ्या घरी आल्या असत्या. ज्यांनी तिला वाचवलं त्या मूठभर बोरांचीसुद्धा या बाईनं चोरी मानली होती.

"आज जेवायचं," ती म्हणाली.

"मंग सकाळी आकडा वाढंल. कमी यायला पायजे वयनी."

"आकडा कमी यायला पाहिजे, की खरा?"

दगडाबाईनं ताटाकडं बघितलं, वनमालाकडं बघितलं. "खरा," ती म्हणाली आणि भाकरी मोडली.

जेवणं झाल्यावर वनमालानं स्वयंपाकघराला कुलूप घातलं. दगडाबाईनं स्वतः जाऊन ते दोनदा ओढून बघितलं. "आण्णा, तुमी साक्षीदार," ती सुंदररावांना म्हणाली.

"मला कशाला साक्षीदार करती गं! माझ्याच खिशात फुटाणे असतात."

"आबा!"

"असायचे. असायचे म्हणतोय मी."

वनमालानं दगडाबाईचं अंथरूण आपल्या शेजारी घातलं, किल्ली आपल्या उशाखाली ठेवली. म्हातारी पडल्या पडल्या घोरायला लागली. बऱ्याच दिवसांनी रात्रीचं पोटात अन्न गेलं होतं.

सकाळी दगडाबाईनं तोंड धुतलं, चूळ भरली, पाण्याचा घोटसुद्धा न घेता खुर्चीत बसली. आबांनी आज आपली पाळी मागं ठेवली. सुई टोचली तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत.

मशीनवर आकडा आला. एकशे ब्याण्णव.

किल्ली अजून वनमालाच्याच ताब्यात होती. स्वयंपाकघराचं कुलूप जसंच्या तसं होतं. दगडाबाईनं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, बोटांना काही चिकटलंय का ते बघावं तसे. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "वयनी, मी झोपंत उठून खात आसंल का? माजं मलाच कळत नसंल?"

वनमालाला ते ऐकवेना. तिनं आबांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर केजला असतात, सकाळचा फोन घेतात. तिनं सगळं सांगितलं, कुलपापासून बोरांपर्यंत. पलीकडून डॉक्टर बोलत राहिले आणि ती "हो, हो" करत ऐकत राहिली. मधेच तिनं कपाळाला हात लावला. हे सगळं तिला ठाऊक होतं. अंबाजोगाईच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना यकृताची आकृती तिनं रंगीत पेन्सिलींनी काढली होती, मार्कही पडले होते. फक्त ते यकृत कधी कुणाच्या अंगात असेल, असं मनात आलं नव्हतं.

फोन ठेवून ती दगडाबाईपुढं खाली बसली.

"मावशी, काळीज कुठं असतं?"

दगडाबाईनं छातीवर हात ठेवला. मग तिचं तिलाच हसू आलं आणि हात उजवीकडं, फासळ्यांच्या खाली सरकला. "बोकडाचं इथं असतंय. मानसाचं तिथं."

"माणसाचंही इथंच, यकृत म्हणतात ते. आपण जेवतो ना, भाकरी, भात, काहीही, त्याची पोटात साखर होते आणि रक्तात उतरते. लागेल तेवढी अंग वापरतं. उरलेली काळीज घेतं आणि साठवून ठेवतं. घरात धान्याची कणगी असते, तशी. सुगीत भरायची, पुढं लागेल तसं खालच्या तोंडाचा बोळा काढून चार शेर काढायचे."

"काळजात कणगी?"

"हो. आपण झोपलो तरी डोकं चालू असतं, छाती चालू असते. त्यांना साखर लागतेच, घटकाभरही खाडा चालत नाही. मग रात्री कोण देतं? काळीज देतं. कणगीतून थोडी थोडी सोडत राहतं. म्हणून तर आपण सकाळी जिवंत उठतो."

"आन् कनगी सरली तर? म्या तर जेवतच न्हवते."

"तरी ते गप्प बसत नाही. अंगातलं मांस झिजवतं, चरबी वितळवतं, त्यातून जे हाताला लागेल त्याची नवी साखर करतं. उपाशी माणूस वाळतं ते उगाच नाही."

दगडाबाईनं आपल्या हातातली सैल पडलेली बांगडी कोपरापर्यंत सरकवून बघितली. "म्हंजी मी मलाच खात होते."

वनमालानं ती बांगडी पुन्हा मनगटावर उतरवली.

"पर मंग आण्णांचं काळीज कमी सोडतं, आन् माजं जास्त, ते कावून?"

"पोटाच्या मागं एक ग्रंथी असते. तिचा सांगावा येतो काळजाला, की बास, घर भरलंय, आता बोळा लाव. साखरेच्या दुखण्यात तो सांगावा कमी पडतो, नाहीतर काळजाला नीट ऐकूच जात नाही. ते आपलं देतच राहतं. त्यातून पहाटे अंग जागं व्हायची तयारी करतं, तेव्हा आणखी सोडतं. घरात सगळे जेवून आडवे झाले तरी एखादी बाई पुन्हा तवा ठेवते ना, कुणी उपाशी राहिलं असेल म्हणून, तसं."

"भैरं झालंय म्हना की माजं काळीज."

"बहिरं झालंय. चोर नाही."

आबा खुर्चीतून म्हणाले, "अगं, मग माझंही थोडं भैरंच असणार. मला कशाला फुटाण्यावरून बोलता?"

"तुमचं काळीज ऐकतं आबा. ऐकत नाही ते तोंड."

दगडाबाई हसली नाही. ती कुठंतरी लांब बघत होती. "वयनी, जुळ्या पिल्लांची शेळी चारा सोडून मेली ना, तर तिचं काळीज पिवळं निघतंय. हातात धरलं की भुसभुशीत. चांगल्या शेळीचं कसं काळंभोर असतंय. मी लई वेळा बगितलंय, पर ते तसं कावून, ते कळलं न्हाई."

वनमालानं डॉक्टरांचं बोलणं शेळीला लावून बघितलं. "पोटातली पिल्लं आईच्या रक्तातली साखर ओढून घेत असणार. दोन पिल्लांनी पोट गच्च, तिला चारा जात नाही. कणगी रिकामी. मग अंगातली सगळी चरबी वितळून काळजात येऊन पडते, आणि काळीज तिच्याखाली दबून जातं. तुमचं गुळाचं पाणी थेट रक्तात जातं, म्हणून शेळी उठते."

"म्हंजी काबरीला कमी पडती, आन् मला जास्त व्हती."

"दोघींचं काळीजच दमलंय, मावशी."

दगडाबाई उठली, घोंगडं खांद्यावर टाकलं. "मंग चला. हे भागवतला तुमी सांगा. माज्या तोंडातून त्येला खरं वाटायचं न्हाई."

दोघी दगडाबाईच्या घराच्या अंगणात पोचल्या तेव्हा भागवत पिकअपच्या मागच्या फाळक्यावर बसून होता, बाजाराला गेलेलाच नव्हता. आईला बघून तो उठला, पण जवळ आला नाही. गोठ्याच्या दाराशी उज्ज्वला काबरीला धरून उभी होती. शेळी तिच्या हातातलं रिकामं भांडं ढुशा मारून पाडायला बघत होती.

"आत्या!" उज्ज्वला तिथूनच ओरडली. "ही बया बगा! तुमी न्हवता, ही पहाटंपासून मान टाकून पडलेली. मी भ्याले. म्हनलं बगावं तरी, आत्या म्हनतात ते. कुलूप काढलं, आन् डब्याचं झाकन वाजलं तशी कान टवकारून उठून बसली! त्या डब्याची वळख हाय हिला. पानी पाजलं तर भांडं बी चाटून पुसून..." बोलता बोलता ती थांबली. सासूच्या मागं वनमाला उभी होती, आणि आपण काय बोलून गेलो ते आता कुठं तिच्या ध्यानात आलं.

भागवत शेळीकडं बघत राहिला.

वनमालानं ओट्यावर बसून त्याला सगळं पुन्हा सांगितलं. कुलपातली रात्र, सकाळचा आकडा, काळजातली कणगी, न पोचणारा सांगावा. बोरांचं सांगताना तिनं दगडाबाईकडं बघितलं. दगडाबाईनं मान हलवली, सांगा म्हणून. भागवतनं ऐकलं आणि खाली बसला.

"घाम आलता? माळावर?"

"आलता थोडा."

"आन् तू मला सांगितलं न्हाईस."

"तू मला इचारलं का? तू डबा मोजत होतास."

उज्ज्वलानं पदरानं डोळे पुसले आणि कारण नसताना शेळीला एक चापट मारली.

"आजच केजला न्यायचंय," वनमाला म्हणाली. "डॉक्टरांनी दुपारी बोलावलंय. गोळ्या सगळ्या बरोबर घ्या, कोणती कमी, कोणती जास्त ते तेच ठरवतील, आपल्या मनानं काही नाही. आणि तोवर जेवण चुकवायचं नाही. गोड नको, पण भाकरी वेळेवर."

"मी सोता समोर बसते आत्याच्या," उज्ज्वला म्हणाली.

"पहारा द्यायला?" दगडाबाईनं विचारलं.

"न्हाई हो. जेवायला."

दगडाबाईच्या तोंडावर हसू आलं, तेही अर्धंच. भागवत उठून आईजवळ आला. तिच्या पायाशी वाकला, टाचेवरचा जुना वण अंगठ्यानं चाचपला. लहानपणापासून तो हेच करायचा, माफी मागायची असली की पायात काटा आहे का बघायचा.

"माय, चुकलं माजं. तुला काय पायजे ते सांग. नवी चप्पल आनतो, ती मऊ, दवाखान्यात सांगितलेली. का तेलगावच्या ताईकडं चार दिस सोडू? काय पायजे?"

दगडाबाईनं आत बघितलं. फळीवर गुळाचा डबा होता. घाईत उज्ज्वलानं तो परत ठेवला होता, आणि सवयीनं कडीत कुलूप पुन्हा अडकवलं होतं.

"गूळ मला नको," दगडाबाई म्हणाली. "त्या डब्याचं कुलूप तेवढं काढ."